शॉर्टवेव्हचा रेडिओ आता घ्यावा का? घ्या, पण आधी वीस मीटर वायर घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वडिलांचा लाकडी पेटीतला जुना फिलिप्स माळ्यावरून खाली काढला, दुरुस्त करून घेतला, नववीतल्या मुलीला शेजारी बसवून शॉर्टवेव्हचा काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, आणि खरखरीशिवाय काही लागलं नाही. आता आठ-दहा हजारांचा नवा रेडिओ घ्यावा, की हा छंदच संपत आला म्हणून नाद सोडावा?

मी १९७८ पासून शॉर्टवेव्ह, म्हणजे आकाशातून उड्या मारत हजारो किलोमीटर जाणाऱ्या लहरींवरची स्टेशनं, ऐकतो आहे. नोकरी टेलिफोन खात्यात तारा जोडण्यात गेली आणि संध्याकाळी घरीही तेच. माझं मत आधी सांगतो. छंद संपत नाही, त्याचं रूप बदलतंय. नवा रेडिओ घ्या, पण लगेच नको. तुम्हाला जी खरखर ऐकू आली तिची कारणं बहुधा दोन आहेत आणि दोन्ही तुमच्या घरातच आहेत.

पहिलं कारण. त्या फिलिप्सच्या पाठीमागे दोन भोकं असतील, एक एरियलचं आणि एक अर्थिंगचं. व्हॉल्व्हच्या, म्हणजे आत तापणाऱ्या काचेच्या नळ्या असलेल्या, रेडिओला बाहेरची एरियल लागतेच. पूर्वी घरोघरी भिंतीच्या वरच्या कडेला तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असायची, ती शोभेची नव्हती. ती काढून टाकली आणि रेडिओ तेवढा राहिला, तर मुंबई आकाशवाणीसुद्धा जेमतेम लागेल. इलेक्ट्रिकच्या दुकानातून साधी एक चौरस मिलिमीटरची वायर आणा, पंधरा-वीस मीटर. एक टोक गच्चीच्या कठड्याला आणि दुसरं समोरच्या झाडाला बांधा, दोन्हीकडे मध्ये नायलॉनची दोरी घाला आणि खाली आलेलं टोक एरियलच्या भोकात खुपसा. विजेच्या तारांच्या आसपासही जाऊ नका. वळवाचे ढग दिसले की वायर रेडिओपासून सोडवून घराबाहेर टाका. मी एकदा कंटाळा केला होता आणि त्याची किंमत एका रिसीव्हरने मोजली. आणखी एक महत्त्वाची गोष्ट : त्या काळचे काही सेट एसी-डीसी दोन्हीवर चालणारे असत, त्यांच्या सांगाड्यात थेट करंट येतो. तुमचा तसा आहे का हे जाणत्या मेकॅनिककडून पाहून घेतल्याशिवाय अर्थिंग जोडू नका आणि मागचं झाकण उघडं असताना मुलीला जवळ येऊ देऊ नका.

दुसरं कारण जास्त मोठं आहे, त्याकडे नंतर येतो. आधी स्टेशनांबद्दल खरं काय ते सांगतो, कारण त्या बाबतीत तुम्हाला खोटी आशा लावायची नाही.

स्टेशनं बंद झाली आहेत आणि त्यातली बहुतेक परत येणार नाहीत. कॅनडाचं आणि नेदरलँड्सचं शॉर्टवेव्ह प्रसारण २०१२ च्या जूनमध्ये थांबलं. कार्यक्रमाआधी कुकाबुरा पक्ष्याचं हसणं वाजवणारा रेडिओ ऑस्ट्रेलिया ३१ जानेवारी २०१७ ला शॉर्टवेव्हवरून गेला. बीबीसीची हिंदी सेवा १९४० पासून होती, ती ३१ जानेवारी २०२० ला शॉर्टवेव्हवर शेवटची ऐकू आली. त्या रात्री मी रेकॉर्डिंग करून ठेवलं, अजून पुन्हा ऐकायचं धाडस झालेलं नाही. १५ मार्च २०२५ ला व्हॉइस ऑफ अमेरिका गप्प झाली, नंतर तिच्या थोड्या भाषा तेवढ्या परतल्या. आपल्याकडे आकाशवाणीनेही प्रादेशिक शॉर्टवेव्ह केंद्रं एकामागून एक उतरवली. मालाडच्या ट्रान्समीटरवरून ४८४० किलोहर्ट्झवर येणारी मुंबई मी वर्षानुवर्षं घड्याळासारखी वापरली. ती लागली की संध्याकाळ झाली समजायचं.

कारण सरळ आहे, वीज. आकाशवाणीचे बंगळुरूचे ट्रान्समीटर ५०० किलोवॉटचे. एवढी ताकद हवेत सोडायची तर मीटरवर त्याहून बरंच जास्त येतं. तेवढ्या पैशात किती श्रोते मिळतात हे सरकारांना मोजता येत नव्हतं, आणि इंटरनेटवरचे श्रोते एकेक मोजता येतात. कुठल्याही हिशेबनीसाने तोच निर्णय घेतला असता.

पण इथे एक गल्लत होते. रेडिओ सिलोनवर बुधवारी रात्री आठला गीतमाला ऐकणारी माणसं शॉर्टवेव्हचे छंदिष्ट नव्हती. त्यांना गाणी हवी होती. आकाशवाणीवर ती मिळेनात म्हणून २५ आणि ४१ मीटर बँडवरची कोलंबोची खरखर त्यांनी सहन केली. (बँड म्हणजे शॉर्टवेव्हचा एक पट्टा, त्याला लहरीच्या लांबीचं नाव; मीटर जास्त तितकी फ्रिक्वेन्सी कमी.) विविध भारती आली, पुढे एफएम आला, मोबाइल आला, आणि ती निघून गेली. तसंच बीबीसीचं. आणीबाणीत आपली वर्तमानपत्रं सेन्सॉरखाली होती तेव्हा, किंवा ३१ ऑक्टोबर १९८४ ला आकाशवाणी इंदिरा गांधींच्या मृत्यूची बातमी देत नव्हती तेव्हा, माणसं बातमीसाठी काटा फिरवत होती. तो छंद नव्हता, ती गरज होती. गरज दुसरीकडे भागली आणि कोट्यवधी श्रोते गेले. त्या गर्दीत आमच्यासारखे, म्हणजे स्टेशन लागलं की वेळ, फ्रिक्वेन्सी, आवाजाची ताकद वहीत लिहून रिपोर्ट पाठवणारे आणि उलट टपाली क्यूएसएल कार्डाची, म्हणजे स्टेशनच्या पोचपावतीची, वाट पाहणारे, नेहमीच मूठभर होते. छंदाचं भवितव्य या मुठीवरून जोखायला हवं.

आणि ऐकायला आजही आहे. चीनचं स्टेशन तर टाळू म्हटलं तरी टळत नाही. संध्याकाळी ३१ मीटरचा निम्मा बँड त्यांचाच वाटतो, हिंदीतूनही असतात. बीबीसीची इंग्रजी सेवा ओमानच्या ट्रान्समीटरवरून दक्षिण आशियासाठी येते. रोमानिया, तुर्कस्तान, व्हिएतनाम, क्यूबा आहेत. धार्मिक प्रसारण भरपूर आहे. अॅडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओने तर शॉर्टवेव्हवर मराठीतूनही कार्यक्रम केले. परदेशी ट्रान्समीटरवरून मराठी शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. न्यूझीलंडने पॅसिफिक बेटांसाठी २०२४ मध्ये नवा १०० किलोवॉटचा ट्रान्समीटर सुरू केला, कारण वादळात समुद्राखालची केबल तुटली की त्या बेटांना दुसरा आधार नसतो. २०२२ च्या मार्चमध्ये कीव्हच्या टीव्ही मनोऱ्यावर हल्ला झाला, तेव्हा बीबीसीने १५७३५ आणि ५८७५ किलोहर्ट्झवर युक्रेनसाठी रोज चार तास बातम्या सुरू केल्या. पुढची दहा वर्षं असंच चालेल असं मला वाटतं. पाश्चात्त्य स्टेशनं तुरळक, आशियातली सरकारी स्टेशनं बऱ्यापैकी, धार्मिक भरपूर, आणि संकट आलं की कुणीतरी जुना ट्रान्समीटर पुन्हा पेटवणार.

वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. ईआयबीआय (EiBi) नावाची यादी इंटरनेटवर फुकट मिळते, ती उतरवून घ्या. आपल्याकडे अंधार पडल्यापासून रात्री दहापर्यंत ४९, ४१, ३१ आणि २५ मीटर, आणि पहाटे उजाडताना पुन्हा तेच. भर दिवसा १९, १६, १३ मीटर. दुपारी दोन वाजता ४९ मीटरवर काटा फिरवून "काहीच नाही" म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात.

हे दिवस-रात्रीचं गणित कळलं की छंद खऱ्या अर्थाने सुरू होतो. साधारण अडीचशे ते चारशे किलोमीटर उंचीवर सूर्याने विद्युतभारित केलेला हवेचा थर आहे. शॉर्टवेव्ह त्यावर वाकून खाली येते, आणि एका उडीत जास्तीत जास्त चार हजार किलोमीटर जाते. तिथे जमिनीवर किंवा समुद्रावर आपटून पुन्हा वर. त्याच्या खाली, साठ ते नव्वद किलोमीटरवर, दिवसा एक दुसरा थर तयार होतो, तो कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो, म्हणून ४९ मीटर रात्री जिवंत होतो. आवाज श्वास घेतल्यासारखा चढतो-उतरतो ना, तो वरच्या थरातल्या हालचालीचा आवाज आहे. तुमच्या मुलीला हे पुस्तकात एका आकृतीत भेटेल. काट्यावर ते रोज संध्याकाळी तिच्या कानासमोर घडेल, आणि कुठल्याच सरकारला ते बंद करता येणार नाही.

१० मे २०२४ ला सूर्यावरच्या स्फोटांनी पृथ्वीवर वीस वर्षांतलं सर्वांत जोरदार चुंबकीय वादळ आणलं, लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी १९ मीटर लावला तर नेहमीची स्टेशनं जागेवर नव्हती, होती ती पार खोल गेलेली. बायकोने विचारलं, रेडिओ बिघडला का? मी म्हटलं, आकाश बिघडलंय. सूर्याचं सध्याचं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि २०२४ च्या सुमारास शिखरावर पोचलं. चक्र साधारण अकरा वर्षांचं, म्हणजे २०३० च्या आसपास तळ येईल. तोवर सूर्य शांत होत जाईल, वरचा थर दुबळा होईल आणि १३ आणि १६ मीटर हळूहळू ओस पडतील. तेव्हा हे दोन बँड आत्ताच ऐकून घ्या, आणि मुलीला वही घालायला सांगा. २०२६ ची नोंद आणि २०३१ ची नोंद शेजारी ठेवली की तिला जे दिसेल ते कुठल्याही क्लासमध्ये मिळणार नाही.

आता ते दुसरं कारण. माझ्या मते या छंदाचा खरा वैरी स्टेशनं बंद होणं हा नाही. तो आपल्या घरात प्लगला लावलेला आहे. एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, सेट-टॉप बॉक्स, राउटरचा अॅडॅप्टर, गच्चीवरच्या सोलरचा इन्व्हर्टर. या प्रत्येकात एक छोटं सर्किट सेकंदाला हजारो वेळा वीज तोडतं आणि जोडतं. स्वस्त मालात त्याला गाळणी बसवलेली नसते, त्यामुळे घरातली सगळी वायरिंग त्या खरखरीची एरियल बनते. हजारो किलोमीटरवरून आलेलं स्टेशन त्याखाली गाडलं जातं. ज्यांना लोडशेडिंगची वर्षं आठवतात त्यांनी हा फरक ऐकला आहे. आमच्या भागात वीज गेली की मी मेणबत्ती लावून सेलवरचा रेडिओ घेऊन बसायचो, आणि सगळा बँड धुतल्यासारखा स्वच्छ असायचा. मला त्या काळोखाचं आजही अप्रूप आहे.

शोध असा घ्या. सेलवर चालणारा कुठलाही शॉर्टवेव्ह रेडिओ घरात आणा, शेजाऱ्याचा चालेल. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवा, आवाज वाढवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर एकदम पडली तर चोर घरात आहे. मग एकेक एमसीबी चालू करा, त्यानंतर एकेक प्लग. आमच्याकडे पहिला चोर निघाला देवघरातला छोटा एलईडी दिवा आणि दुसरा माझ्याच टेबलावरचा चार्जर. दिवा बदलला. चार्जरच्या वायरला फेराइटच्या (काळ्या चुंबकीय पदार्थाच्या) कड्यातून सात-आठ वेढे दिले तेव्हा निम्मी खरखर गेली, उरलेली रेडिओ ऐकताना तो प्लगच काढल्यावर. चोर शेजाऱ्याकडे असेल तर भांडायला जाऊ नका, रेडिओ घेऊन जा आणि ऐकवा. मी तीन घरी गेलो, तिन्ही ठिकाणी चहा मिळाला आणि दोन ठिकाणी बल्ब बदलला गेला.

फ्लॅटमध्ये वायर टाकायला जागा नसेल तर मीटरभर व्यासाची लूप एरियल खिडकीबाहेर लावा. ती फिरवून खरखरीच्या दिशेने तिची आंधळी बाजू करता येते. दुसरा उपाय मला सर्वांत प्रिय आहे : गावाबाहेर जा. वर्षातून दोनदा आम्ही चौघे-पाच जण गुहागरला जातो. सुरूच्या झाडांना वायर बांधतो, समोर अरबी समुद्र. खारं पाणी लहरींना उत्तम आरसा आहे, पश्चिमेकडून बुटक्या कोनात येणारे सिग्नल तिथे उचलून आल्यासारखे वाटतात. घरी ज्याची नुसती चाहूल लागते ते मादागास्करचं रिले, म्हणजे दुसऱ्या स्टेशनांचे कार्यक्रम पुढे पाठवणारं केंद्र, तिथे बोलतं. पहाटे साडेपाचला वाळूवर बसून, कानाला हेडफोन लावून आफ्रिकेतला माणूस ऐकणं, यासाठी मी उरलेलं वर्ष गर्दीच्या शहरात काढू शकतो.

रेडिओ कुठला? फिलिप्सवर वायर लावून महिनाभर ऐकल्यावर घ्या. त्यात दोन गोष्टी बघा. फ्रिक्वेन्सी आकड्यात दिसली पाहिजे आणि एसएसबी, म्हणजे आवाज पाठवण्याची एक आटोपशीर पद्धत, ऐकायची सोय असली पाहिजे. एसएसबी नसेल तर हॅम लोकांचं, म्हणजे परवाना घेऊन हौसेखातर रेडिओवर बोलणाऱ्यांचं, बोलणं बदकांच्या कलकलाटासारखं ऐकू येईल. टेकसन आणि एक्सएचडेटाचे छोटे सेट या दोन्हींत बसतात. आज एका चिपवर जवळजवळ अख्खा रिसीव्हर मावतो, त्यामुळे माझ्या तरुणपणी सहा महिन्यांच्या पगारातही जे आलं नसतं ते आता हातावर बसतं. एक सूचना : या छोट्या सेटना वीस मीटरची वायर थेट लावली तर रात्री बलाढ्य स्टेशनं एकमेकांवर सांडतात. पाच-सहा मीटर पुरते. मुलीला कॉम्प्युटरची आवड असेल तर शॉर्टवेव्हही पकडणारं आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा रिसीव्हर, घ्या. पेनड्राइव्हएवढी वस्तू, पण बँडचा मोठा तुकडा स्क्रीनवर धबधब्यासारखा उतरताना दिसतो. काटा फिरवताना जे निसटतं ते डोळ्यांनी पकडता येतं. डीआरएम, म्हणजे डिजिटल शॉर्टवेव्ह, हा तारणहार असं कुणी सांगेल. मी पंधरा वर्षं वाट पाहिली. रिसीव्हर दुर्मीळ आणि महाग राहिले, म्हणून त्यावर आज पैसे घालू नका.

नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर २००८ मध्ये पहिल्यांदा इंटरनेटवर सर्वांना खुला झाला, ब्राउझरमधून त्याचा काटा आपण फिरवू शकतो. जगभरात असे शेकडो झाले आहेत. त्यांचा उपयोग जरूर करा, विशेषतः एखादं स्टेशन खरंच बंद आहे की आपल्याच खरखरीखाली दबलंय हे तपासायला. पण आधी तिथे ऐकायची सवय लावू नका. दुसऱ्याच्या एरियलवर लागलेलं स्टेशन आपल्या वहीत लिहावंसं वाटत नाही, आणि ते न लिहावंसं वाटणं योग्यच आहे.

तुमच्या मुलीसाठी मला सर्वांत आशा वाटते ती हॅम रेडिओची. तिचं वय बारा वर्षांपुढे आहे, म्हणजे दूरसंचार विभागाची परीक्षा ती देऊ शकते. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. पास झाली की व्हीयू ने सुरू होणारा स्वतःचा कॉल साइन, म्हणजे हवेतलं ओळखनाव, मिळतो, आणि ऐकणारी बोलणारी होते. तोवर सकाळी सात मेगाहर्ट्झच्या वर एसएसबी लावा, देशभरातले हॅम एकमेकांची विचारपूस करताना सापडतील, कधी मराठीतही. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या हॅमची तुकडी हौसेखातर अंदमानला रेडिओ चालवायला गेली होती. २६ तारखेला त्सुनामी आली, बाकीचे संपर्क तुटले आणि पोर्ट ब्लेअरहून माणसं सुखरूप असल्याचे निरोप त्यांच्या शॉर्टवेव्ह सेटवरून मुख्य भूमीवर आले.

इथे नवी माणसं खरोखर येत आहेत. पल्सार नावाच्या ताऱ्यांवरच्या कामासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले जो टेलर स्वतः हॅम आहेत. त्यांनी आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये एफटी८ ही पद्धत आणली. पंधरा सेकंदांच्या तुकड्यांत कॉम्प्युटर एकमेकांना छोटे निरोप पाठवतात, आणि कानाला नुसता सूं ऐकू येतो तिथेही ते वाचले जातात. यात माणसाचा आवाज नाही म्हणून माझ्या पिढीतले बरेच जण नाक मुरडतात. मी मुरडत नाही. १४.०७४ मेगाहर्ट्झवर रेडिओ लावून, तो आवाज लॅपटॉपला देऊन बघा, लायसन्स लागत नाही कारण तुम्ही फक्त ऐकता. तासाभरात नकाशावर जपानपासून ब्राझीलपर्यंत ठिपके उमटतात, आणि बँड केव्हा कुठल्या देशाकडे उघडतो हे मुलगी एका सुट्टीत शिकेल. मला ते शिकायला दहा वर्षं लागली.

शेवटी एक तारीख देतो, ती कॅलेंडरवर लिहून ठेवा : सोमवार, २ ऑगस्ट २०२७. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाची सावली इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन करत हिंदी महासागरात उतरेल. पश्चिम भारतात दुपार कलताना ते खंडग्रास दिसेल, आणि पावसाळ्यामुळे आपल्याकडे बहुधा ढगच असतील. रेडिओला ढगांची अडचण नाही. अरबस्तानावर भर दुपारी काही मिनिटं संध्याकाळ होईल, तो खालचा गिळणारा थर पातळ होईल, आणि आखाताकडून ३१ किंवा ४१ मीटरवर येणारं एखादं स्टेशन, जे त्या वेळी एरवी दबलेलं असतं, वर यायला हवं. अमेरिकेतल्या हॅमनी २०१७ आणि २०२४ च्या ग्रहणात असे प्रयोग केले. आपल्या बाजूने अरबी समुद्रावरून तो मोजायला माणसं फार थोडी असतील. ग्रहणाच्या आधीचे सात दिवस आणि नंतरचे सात दिवस त्याच स्टेशनची त्याच वेळेची नोंद हवी, नाहीतर ग्रहणाच्या दिवसाची तुलना कशाशी करणार? मुलगी तेव्हा अकरावीच्या आसपास असेल. वायर याच दिवाळीच्या सुट्टीत बांधून घ्या. पहिल्या आठवड्यात काय लागलं, कुठल्या वेळी, ते मला कळवा. यादी बघून तुमच्या छपराला कुठली दिशा साधते ते सांगतो.